व्यासपीठावरून दिसलेले लाल व्हॉल्व

देवबागच्या माझ्या मित्राचा गिटारचा अ‍ॅम्प्लिफायर जनरेटरमुळे जळला असं सगळे म्हणतात. मीही मान डोलावतो. शाळेत पंचवीस-तीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवलेला माणूस मान डोलावतो म्हटल्यावर प्रश्न मिटतो.

तो अ‍ॅम्प त्याच्या भावानं बोटीवर नोकरीला असताना आणलेला. भाऊ पुढं वारला. जुन्या रेडिओत असायचे तसे काचेचे व्हॉल्व त्यात होते. पर्यटन महोत्सवात वाजवायचं म्हणून मित्रानं नवे व्हॉल्व मागवले आणि त्यांचा बायस लावायला मला बोलावलं. बायस म्हणजे गिटार गप्प असताना व्हॉल्वमधून किती करंट वाहू द्यायचा ते ठरवणं. कमी ठेवला तर आवाज किरटा येतो, जास्त ठेवला तर व्हॉल्व स्वतःच्याच उष्णतेनं मरतो.

मी गेलो ती संध्याकाळची वेळ. देवबागात त्या वेळी घराघरांतल्या पाहुण्यांच्या खोल्यांचे एसी सुरू होतात आणि व्होल्टेज पार बसतं. मीटरवर दोनशेसुद्धा नव्हतं. अशा वेळी लावलेला बायस खोटा, कारण व्होल्टेज चढलं की व्हॉल्वमधला करंटही चढतो, हे मी वर्गात शिकवू शकलो असतो. तरी स्क्रू फिरवला. मित्र तार छेडून म्हणाला, ‘‘मास्तरानू, अजून वायच जाड करा मां आवाज!’’ मी आणखी फिरवला. तो खूश झाला, त्याहून मी.

‘‘सकाळी व्होल्टेज चढलं की परत बघू,’’ मी म्हटलं.

सकाळी मी गेलो नाही. संध्याकाळी त्याच महोत्सवात माझा सत्कार होता आणि मी उत्तराचं भाषण लिहीत बसलो होतो. सत्कारांची टिंगल करण्यात माझं अर्धं आयुष्य गेलं आहे. भाषणातही ती होतीच.

आमच्याकडे पाहुण्यांना व्यासपीठावर बसवतात आणि वाजवणाऱ्यांना पुढच्या कोपऱ्यात ढकलतात. त्यामुळे अ‍ॅम्पची उघडी पाठ बरोबर माझ्यासमोर आली. जनरेटर जोरात होता, व्होल्टेज चांगलंच चढलेलं. दुसऱ्या गाण्याला व्हॉल्वच्या आतली पत्र्याची पट्टी लाल व्हायला लागली. आधी एका व्हॉल्वची, मग दोन्हींची.

शेजारचे प्रमुख पाहुणे माझ्याकडे झुकले. ‘‘आतमध्ये लाल दिवे छान लावलेत हो.’’

‘‘हो,’’ मी म्हटलं.

चार पावलं जाऊन बटण बंद करायचं, एवढंच काम होतं. पण गाणं संपून निवेदक माझा परिचय वाचायला उभा राहिला होता आणि शाल हातात घेतलेली बाई विंगेत तयार होती. मी उठलो तो शालीसाठी. टाळ्या चालू असतानाच जळका वास आला. व्हॉल्व गेलेच, आतला ट्रान्सफॉर्मरही गेला. तसला आता मिळत नाही.

दुसऱ्या दिवशी मी त्याच्या घरी गेलो. अ‍ॅम्प ओट्यावर उघडा पडला होता.

‘‘तुमी मागेच बसलेल्यात मां?’’ त्यानं विचारलं. ‘‘तुमका काय दिसला नाय?’’

‘‘नाय रे. हारातुरे चालले होते.’’

त्यानं बायकोला चहा टाकायला सांगितलं. तेव्हापासून तो माझ्याशी शुद्ध मराठीत बोलतो, बँकेच्या साहेबाशी बोलावं तसं.