मंगळवार-गुरुवारचा बाप

वेंडेल प्रोकोपने हात वर केला तेव्हा मला हसू आवरेना. मार्चमधली सभा होती, शाळेच्या जेवणाच्या हॉलमध्ये. दहा वर्षांखालच्या पोरांच्या बेसबॉल संघाला कोच हवा होता आणि सगळे आईबाप आपापल्या बुटांकडे बघत बसले होते. आमच्या गावची रीतच आहे ती. मार्चमध्ये मान खाली घालायची आणि मे महिन्यापासून जाळीला तोंड लावून कोचच्या नावाने शिमगा करायचा. घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजायला कोण तयार होणार? झाला तो हा. धान्याच्या कोठारावर वजनकाटा सांभाळणारा वेंडेल, ज्याला शाळेत कुणी कधी आपल्या बाजूला घेतलं नाही. मी त्याला लहानपणापासून बघतेय. बॉल आला की डोळे मिटायचा.

मी लोरेटा. मैदानालगतच्या खिडकीतून हॉटडॉग, कॉफी आणि खारवलेल्या सूर्यफुलाच्या बिया विकते. माझ्या तोंडाला फाटक नाही असं गाव म्हणतं, आणि गाव काही चुकीचं म्हणत नाही.

"तुला काय अवदसा आठवली?" मी त्याला सभेनंतर गाठून विचारलं.

तो टोपी चुरगाळत म्हणाला, "कोर्टाने जोसी तिच्या आईला दिलीय, लोरेटाबाई. मला एक सोडून एक शनिवार-रविवार. पण मंगळवार-गुरुवार बेसबॉल असतो. आणि कोचचं मूल कोचच्याच संघात, असा नियम आहे."

माझं हसू तिथेच विरलं. मुलीचं तोंड दिसावं म्हणून हा मुलखाचा घाबरट माणूस अख्ख्या गावाच्या शिव्या अंगावर घ्यायला निघाला होता.

आणि मिळालं काय त्याला? आमच्या लोकांची एक खोड आहे. कोचच्या मुलाला चांगली जागा मिळाली की 'बापाचा संघ' म्हणून बोंब मारतात. त्या धास्तीने वेंडेलने जोसीला मैदानाच्या पार टोकाला उभं केलं, जिथे बॉल चुकूनच जातो, आणि बॅटिंगला सगळ्यांत शेवटी. म्हणजे ती तिकडे गवत उपटतेय आणि हा इकडे लोकांच्या पोरांना ओरडून ओरडून घसा बसवून घेतोय. सामना संपला की बॅटा पिशवीत भरता भरता चार शब्द बोलायचे, तोवर फाटकापाशी तिच्या आईच्या, कॅरिनच्या, गाडीचे दिवे लागलेले. आठ म्हणजे आठ.

त्यात जोसीला हा खेळ मुळीच आवडत नव्हता. पाणी प्यायला माझ्याकडे यायची तेव्हा एकदा म्हणाली, बॉल आला की डोळे मिटावेसे वाटतात. मग बाबाला सांग की, म्हटलं. तर म्हणे नको, बाबाला हे फार आवडतं. आणि तिच्या त्या बाबाने आदल्याच आठवड्यात मला सांगितलं होतं की त्याने केव्हाच सोडलं असतं, पण पोरगी रमलीय! घ्या. दोघांची गुपितं माझ्या पदरात आणि मी मुकी. बोलले असते तर दोघांचे मंगळवार-गुरुवार गेले असते. आयुष्यात पहिल्यांदा मी जीभ आवरली, आणि त्याचा मला फार त्रास झाला.

जूनमधली एक मंगळवारची संध्याकाळ. पलीकडच्या गावचा पिचर म्हणजे पाड्यासारखा वाढलेला, फेकायचा जोरात आणि कुठेही. जोसीची पाळी आली. मागे सरू नको, हे बापानेच शिकवलेलं. ती सरली नाही. बॉल दंडावर बसला त्याचा आवाज माझ्या खिडकीत ऐकू आला.

बॉल अंगाला लागला की पहिला बेस, म्हणजे धावेच्या वाटेवरचा पहिला टप्पा, फुकट मिळतो. आणि लागलेली जागा चोळायची नाही, ही आमच्याकडची ऐट. सगळे बाक एका सुरात ओरडायला लागले, "चोळायचं नाही! चोळायचं नाही!" कौतुकानेच ओरडत होते बिचारे. पोरीने चोळलं नाही. हात सरळ ठेवून, ओठ चावत ती पहिल्या बेसवर जाऊन उभी राहिली.

तो बेस माझ्या खिडकीच्या अगदी समोर. वेंडेल धावत आला आणि तिच्यासमोर गुडघ्यांवर बसला. त्या दिवशी कॅरिन लवकर येऊन माझ्याकडे कॉफी घेत उभी होती, ते त्या दोघांनी पाहिलं नव्हतं.

"चल, बाहेर बस," वेंडेल म्हणाला. "आईला बोलावतो."

"नको बाबा. आई घरी नेईल. आज मंगळवार आहे."

त्याने विचारलं, "तुला आवडतं ना हे खेळायला?"

"तुला?"

पंचाने हाक मारली तसा तो उठून आपल्या जागेवर गेला. दुसरं करणार काय होता?

कॅरिनने कप खाली ठेवला आणि हळूच विचारलं, जोसीला हे आवडत नाही? मग मात्र माझं तोंड सुटलं. त्यालाही आवडत नाही बाई, म्हटलं, दोघं एकमेकांसाठी सोसताहेत आणि तू तिकडे गाडीचे दिवे लावून बसतेस. कॅरिन वाईट नाही. वृद्धाश्रमात दोन-दोन पाळ्या करते, थकलेली असते. सामना संपल्यावर ती वेंडेलकडे गेली. जोसीने खेळायची गरज नाही, मंगळवार-गुरुवार आठपर्यंत तुझ्या घरी येऊ दे, असं तिने आपणहून सांगितलं. वेंडेलने टोपी काढली आणि किती तरी वेळ परत घातलीच नाही.

सुटला असं वाटलं ना तुम्हाला? मलाही वाटलं. पण कोच नसेल तर संघ बाद, आणि मोसम जुलैपर्यंत. वेंडेल दारोदार विचारत फिरला. सगळे पुन्हा बुटांकडे बघायला लागले. आता जुलैपर्यंतचाच तर प्रश्न आहे, असं त्याला तोंडभर सांगणारे तेच, जाळीशी ओरडणारे. उरलेल्या पोरांची तोंडं बघून त्याला नाही म्हणवेना.

गुरुवारी ठरल्याप्रमाणे कॅरिनने जोसीला त्याच्या दारात सोडलं, आणि घरधनी मैदानावर. पोरगी चालत माझ्याकडे आली आणि खिडकीच्या आत पालथ्या बादलीवर बसली. दंड अजून काळानिळा. वेंडेल तिकडे उभा, पण नजर सारखी खिडकीकडे. "प्रोकोप, लक्ष कुठंय?" जाळीवरून आवाज येत होते.

बेसबॉलला घड्याळ नसतं, हीच मेख आहे. शेवटचा डाव आला. आम्ही एका धावेने मागे, आणि एकच गडी बाद व्हायचा राहिलेला.

"आपण हरलो तर बाबा लगेच सुटेल ना?" जोसीने विचारलं.

"हो गं."

तिने डोळे मिटून हात जोडले.

बॅटिंगला आलेल्या आमच्या पोराने बॉल असा काही मारला की धाव झाली. पुढचा बाद झाला, पण बरोबरी झाली होती. बरोबरी म्हणजे पुन्हा नवा डाव. सगळे बाक उठून नाचायला लागले. लोक येऊन वेंडेलच्या पाठीवर थापा मारत होते, पहिल्यांदाच. तो मात्र आमच्याकडे बघत उभा होता.

आठ वाजले. घर बंद बघून आलेल्या कॅरिनच्या गाडीचे दिवे फाटकापाशी लागले. जोसी उठली, आणि बापाकडे बघत तिने पहिल्यांदा तो दंड चोळला.