खिसे नसलेली माणसं

प्रोजेक्ट शाळा मुलीला देते आणि झोप आईची उडते, हे आमच्या सानपाड्याच्या सोसायटीतल्या चारही विंगना ठाऊक आहे. त्यामुळे सहावीतल्या माझ्या लेकीने 'आदिमानवाची गुहाचित्रं' हा विषय घरी आणला, तेव्हा मी आधी कपाळाला हात लावला आणि मग फ्रिजचा जुना खोका काढायला माळ्यावर चढले.

खोक्याची गुहा करायची होती. चुरगळलेले पेपर खळीने चिकटवायचे, वरून माती फासायची, वाळली की गेरूने चित्रं काढायची. माझे बाबा, म्हणजे लेकीचे आबा, दोन दिवस हॉलमध्ये मांडी घालून पेपर चुरगळत बसले होते. माझी आई गेल्यापासून ते आमच्याकडेच असतात. रबाळ्याच्या एका कंपनीत पत्रा कापायच्या प्रेसवर त्यांनी उभी हयात काढली आणि त्याच प्रेसवर त्यांच्या उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट गेलं. मी तेव्हा बालवाडीत होते. त्यांचा पाच बोटांचा हात मला आठवतच नाही.

कामावर परतल्यावर पहिल्याच खंडेनवमीला बाबांनी त्या प्रेसची पूजा केली. आईचा नुसता संताप झाला होता. "बोटं खाल्ली तिनं, आन् तुम्ही तिलाच हार घालताय?" बाबा म्हणाले, "घर बी तीच चालवती की." यंत्राला कुंकवाची पाच बोटं ओढायची असतात. बाबा आधी तीन ओढायचे, मग पुन्हा कुंकू घेऊन त्यांच्या शेजारी दोन. रिटायर झाल्यावर पूजेला माझी स्कूटी, मिक्सर आणि आईचं शिलाई मशीन आलं, पण पद्धत तीच राहिली. तीन, आणि मग दोन.

आता माझा पराक्रम सांगते. चौथीत मला वक्तृत्वाचं बक्षीस मिळालं. पहिली पाळी संपवून बाबा तसेच कंपनीच्या कपड्यांत शाळेत आले आणि माझं नाव पुकारल्यावर जोरजोरात टाळ्या वाजवू लागले. माझ्या शेजारची मुलगी त्यांच्या हाताकडे बघून "ई" म्हणाली. बाहेर आल्यावर मी बाबांना सांगितलं, "शाळेत येताना तो हात खिशात ठेवत जा ना." बाबा "बरं" म्हणाले.

त्यानंतर घराबाहेर तो हात मी क्वचितच पाहिला. त्यांच्या प्रत्येक पँटचा उजवा खिसा आधी फाटायचा आणि आई तो पुन्हा पुन्हा शिवायची. माझ्या लग्नाच्या अल्बममध्ये बाबा सगळीकडे एका हाताने नमस्कार करताना दिसतात, आणि कन्यादानाच्या फोटोत उजव्या हातावर रुमाल आहे. तो रुमाल माझ्यामुळे होता हे मला माहीत होतं. पण माफी मी कधी मागितली नाही. जे माणूस रोज समोर चहा पितं, त्याची माफी मागायला मुहूर्तच सापडत नाही.

लेक मात्र गुहांत पार बुडून गेली होती. पोळ्या लाटताना मला ऐकावंच लागायचं. जगातल्या फार जुन्या चित्रांत माणसांच्या हातांची चित्रं आहेत. दगडावर हात ठेवायचा, तोंडात रंग घेऊन वरून फुंकायचा आणि हात उचलायचा, की भिंतीवर हाताएवढी जागा कोरी राहते. बायकांचे हात आहेत, मुलांचेही आहेत. एका गुहेत तर तान्ह्या बाळाचा हात आहे आणि कुणीतरी मोठ्या माणसाने तो मनगटाशी धरून ठेवलेला दिसतो. माझ्या डोक्यातला आदिमानव म्हणजे झिंज्या वाढवून भाला घेऊन पळणारा एक गडी. बाळाचा हात हलू नये म्हणून धरून बसलेला आदिमानव माझ्या कधी मनातच आला नव्हता. त्या बाळाचं मला दिवसभर कौतुक वाटत राहिलं.

"आपण पण आपल्या गुहेत घरातल्या सगळ्यांचे हात काढू," लेक म्हणाली.

मी तिला ओट्यापाशी ओढलं. "आबांना विचारायचं नाही. त्यांना वाईट वाटेल."

"त्यांनी सांगितलं तसं?"

"मी सांगतेय ना!"

रविवारी सकाळी माती वाळली. तोंडाने रंग फुंकायला मी साफ मनाई केली होती, म्हणून झाडांना पाणी मारायच्या स्प्रेमध्ये गेरू कालवला. तो दर दोन मिनिटांनी तुंबायचा आणि नवरा टाचणीने भोक मोकळं करत बसायचा. आधी लेकीचा हात झाला, मग त्याचा, मग माझा. बाबा खुर्चीत बसून बघत होते. माझी नजर सहज तिकडे गेली. त्यांचा उजवा हात लेंग्याच्या खिशात होता. घरात, आमच्यासमोर, पहिल्यांदाच.

लेकीला राहवलं नाही. "आबा, तुमचा राहिला."

"माझा नको, बाळा. बाईंना वाटंल, तूच काढताना चुकलीस."

"थांबा, तुम्हाला एक दाखवते." तिने माझा मोबाइल घेतला आणि फ्रान्समधल्या एका गुहेचा फोटो शोधून त्यांच्यापुढे धरला. बाबांनी चष्मा लावला. भिंतीवर हातच हात होते आणि त्यातल्या कितीतरी हातांची बोटं अर्धीच होती.

बाबा बराच वेळ बघत होते. "ह्यांच्याकडं बी प्रेस हुती काय?"

"नाही हो, आबा! कोणी म्हणतं थंडीने बोटं गेली, कोणी म्हणतं मुद्दाम कापली, कोणी म्हणतं नुसती दुमडून ठेवली असतील. नक्की कोणालाच माहीत नाही."

"आन् बाकीच्यांनी असा हात लावू दिला? सगळ्यांच्या मधी?"

"मग? लपवणार कुठे? त्यांना खिसे कुठे होते?"

बाबा खो खो हसले. नवराही हसला. मला हसू आलं नाही. माझ्या तोंडून एकदम निघून गेलं, "बाबा, चौथीत मी तुम्हाला..."

"ठावं हाय मला."

"चुकलं माझं. फार चुकलं."

बाबांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. "नऊ वर्षांची हुतीस तू. मला वाटलं, माझ्यापायी पोरीला कुणी चिडवाय नको. म्हणून ठेवत गेलो. मग सवयच लागली. तू काय तेवढंच धरून बसलीस व्हय इतकी वर्षं?"

मी रडले. नवऱ्यासमोर, लेकीसमोर, नाक ओढत रडले. लेक स्प्रे हातात धरून तशीच उभी होती. "आई, प्लीज लवकर रड," ती म्हणाली, "गेरू परत तुंबेल."

बाबांनी हात खिशातून काढला आणि आमच्या तीन हातांच्या मधोमध मातीवर ठेवला. तो हलू नये म्हणून मी त्यांचं मनगट धरलं. इतक्या वर्षांत मी तो हात असा धरल्याचं मला आठवत नाही. तो ऊबदार होता, आणि बोटांच्या खुंटांवरची कातडी माझ्या लेकीच्या गालासारखी मऊ होती. लेकीने गेरू उडवला, थोडा माझ्या गाऊनवर, बराचसा बाबांच्या सदऱ्यावर. हात उचलल्यावर भिंतीवर तीन बोटं पूर्ण दिसली आणि दोन आखूड. बाबा मान तिरकी करून बघत म्हणाले, "बरा आलाय."

शाळेच्या प्रदर्शनाला बाबा आले, पण हात खिशातच होता. बाईंनी गुहेपाशी वाकून विचारलं, "इथे दोन बोटं पुसली गेली का?" लेक ठसक्यात म्हणाली, "नाही बाई, माझ्या आबांचा हात आहे. असाच आहे." बाबा लगेच पलीकडचं ज्वालामुखीचं मॉडेल बघायला गेले. तिथून ते पाच मिनिटं हलले नाहीत.

मग खंडेनवमी आली. संध्याकाळी सोसायटीतली सगळी मंडळी आपापल्या गाड्या धुऊनपुसून खाली पार्किंगमध्ये हार घालत होती. बाबांनी माझ्या स्कूटीला झेंडूचा हार घातला, हळद वाहिली. मग कुंकवात बोटं बुडवून हँडलच्या खाली तीन बोटं ओढली, ठळक, सरळ. शेजारच्या विंगमधले काका बघत होते. मी कुंकवाची वाटी पुढे धरून उरलेल्या दोन बोटांसाठी थांबले.

बाबांनी नारळ उचलला आणि माझ्याकडे बघितलं.

"वाटी धरून काय उभी राहिलीस?" ते म्हणाले. "झाली की पूजा."