भट्टीतली बिनसाखरेची बिस्किटं

दिवाळी तोंडावर आली की शिरूरच्या बेकरीत पाय ठेवायला जागा नसायची. मैदा, रवा, तूप, साखर घरून न्यायची, पत्र्याचा डबा मांडीवर घेऊन नंबर येईपर्यंत बसायचं आणि नानकटाई भाजून आणायची. नव्वदीतली पद्धतच होती ती. त्या वर्षी मीही बसले होते, पण माझ्या डब्यात होतं ज्वारीचं पीठ आणि उकडून कुस्करलेला लाल भोपळा. आमच्या कुत्र्यासाठी!

कुत्रा मरता मरता वाचला होता. कांदा-लसणाच्या झणझणीत रश्शात कुस्करलेली भाकरी खाऊन खाऊन त्याचं पोट पार बिघडलं. जनावरांच्या डॉक्टरांनी आम्हाला असलं फैलावर घेतलं म्हणता! मीठ-मसाला नाही, कांदा-लसूण नाही, साखर नाही, मनुका तर मुळीच नाहीत. ताप उतरला, आता पोटात काही गेलं तरच उभा राहील, म्हणाले. आणि हा पठ्ठ्या मऊ भाताकडे बघायलासुद्धा तयार नाही. बरगड्या दिसायला लागल्या. माझा जीव नुसता तुटत होता.

मग एकदम सुचलं. माझं माहेर दौंडचं. तिथे रेल्वेच्या बंगल्यातल्या साहेबांचं कुत्रं कुरुमकुरुम बिस्किटं खायचं, ते मी कुंपणातून बघितलेलं. शिरूरात तेव्हा कुत्र्याची बिस्किटं कुठली मिळायला? मिळत नाहीत तर करू! पीठ मळताना मला इतका हुरूप आला होता की माझ्या लग्नातही नसेल.

"दौंडात कुत्र्यान्लाबी दिवाळी असती व्हय?" सासूबाई चुलीपुढून म्हणाल्या. मी पीठ आणखी जोरात तिंबलं. बोलले असते तर फार बोलले असते.

बेकरीवाल्या चाचांनी पीठ चिमटीत धरून पाहिलं. "वैनी, तूप न्हाई, साखर न्हाई. बिस्किट हाय का वीट?"

"कुत्र्याचं आहे," म्हटलं.

अख्खी रांग खो खो हसली. हसतील त्यांचे दात दिसतील! मी मान ताठ ठेवली. चाचा बिचारे म्हणाले, सगळ्यांचं झाल्यावर भट्टी निवत आली की लावतो, म्हणजे करपायची नाहीत. बसले दुपारभर. ट्रे बाहेर आला तेव्हा मी जागेवर उडीच मारली. कडक, खमंग, तांबूस! पदराखाली डबा घेऊन मी घरापर्यंत जवळजवळ पळतच आले.

अंगणात त्याच्या थाळीत एक बिस्किट ठेवलं. त्याने हुंगलं. शेपटी हलली. अरे वा! आणि मग तो मागे सरकून बसला. हातावर धरलं, गोंजारलं, "खा रे माझ्या सोन्या" म्हणून विनवलं. छे! माझ्याकडे आणि बिस्किटाकडे बघत नुसता बसून राहिला. मला रडूच फुटलं. वाटलं, गेला हा आपल्या हातातून.

"सरक तिकडं," सासूबाई हात पुसत बाहेर आल्या. "आगं खुळे, माणसाच्या आदी त्यो तोंड लावंल का? पिल्लू व्हता तवापासनं माज्या ताटातला शेवटचा घास खातोय. आजारी पडल्यापासनं तुमी त्याला येगळी थाळी मांडली. त्याला काय ठाव ती त्याची हाय?"

खाली मांडी घालून त्यांनी बिस्किट उचललं, कडकन तोडलं, चावलं. तोंड असं केलं की बास. उरलेला तुकडा त्याच्यापुढे टाकला.

कुरुम!

मी ओरडलेच. "खाल्लं! आत्याबाई, खाल्लं त्याने!" तो उठून उभा राहिला होता. पाय लटपटत होते, पण उभा होता. सासूबाईंनी दुसरं उचललं, अर्धं खाल्लं, अर्धं दिलं. मग तिसरं.

तेवढ्यात फाटकाशी पाव्हणे आले. मी घाईने डोळे पुसले आणि म्हटलं, "उठा आत्याबाई, फराळाचं मांडायचंय."

"तू मांड," त्या डब्यात हात घालत म्हणाल्या. "आमचा चाललाय."