नसलेला पंजा

आमच्या प्रयोगशाळेत उंदरांचं खाणं पिंजऱ्याच्या वरच्या जाळीत असतं. त्यातल्या एका उंदराचं एक जनुक आम्ही बंद केलंय, त्यामुळे त्याच्या पुढच्या पायांची हाडं कोपराशीच थांबली आहेत.

पिंजरे सांभाळणाऱ्या शांतामावशी आज सहज म्हणाल्या, "मॅडम, ह्याचं खाणं मी खालीच टाकते हं. वर पोचत नाही तो."

"कधीपासून?"

"आईपासून वेगळा केला तेव्हापासून."

मी त्याच्या हाडांची लांबी एक्स-रेवर मोजून वहीत लिहिते. तो खातो कसा, हे विचारायचं मला कधी सुचलंच नाही. मग जागेवर बसवेना. उठून पिंजऱ्यापाशी गेले.

खाऊन झाल्यावर तो तोंड धुवायला बसला, उंदीर पंजे चाटून तोंडावर फिरवतात तसा. दोन्ही खांदे वर गेले, खाली आले. मान झुकली. जीभ बाहेर आली आणि पंजा जिथे असायला हवा होता, तिथली हवा चाटून आत गेली. पुन्हा तेच. पुन्हा.

अंगाला आपला आराखडा हाडांच्याही आधी ठाऊक असतो का? वहीत हे कुठल्या रकान्यात लिहू?

हाड आम्ही वाढू दिलं नाही, हे त्याच्या जिभेला अजून कोणी सांगितलेलं नाही.