सरदारांना पाणी, भिक्याला हाक

“येत्या बाजारी तेवढं डॉक्टरसायबांना मला भिकाजी म्हनायला सांगा. दुसऱ्या दिवसापासनं हाय तसं चालू द्या.”

दवाखान्याच्या हौदाशी उभं राहून भिकाजीराव मला हे सांगत होते. पाथर्डी तालुक्यातल्या आमच्या जनावरांच्या दवाखान्यात ते अटेंडंट. जनावर धरायचं, गोठा झाडायचा, वळूला चारा टाकायचा. मी स्टॉकमन, म्हणजे डॉक्टरांचा मदतनीस. भिकाजीरावांचे केस पिकलेले, डॉक्टर जेमतेम तिशीतले. हाक मात्र ठरलेली: “ए भिक्या.”

त्यांच्या मुलीचं लग्न नुकतंच झालं होतं. व्याही बाजारच्या दिवशी खांदा सुजलेला बैल दाखवायला आणणार होते. त्यांच्यासमोर ती हाक आली तर?

“पोरीला तिथं भिक्याची पोरगी म्हनतील. जलमभर.”

माणसानं स्वतःचं नाव एका दिवसापुरतं उसनं मागायचं, तेही हात जोडून! आमच्या सरकारी वळूचं नाव सरदार. डॉक्टर रोज विचारायचे, “सरदारांनी पाणी घेतलं का रे भिक्या?” वळूला आदरार्थी, आणि त्याचं शेण काढणाऱ्याला अरे-तुरे. हा कुठला न्याय?

मी डॉक्टरांकडे गेलो. ते हसले. म्हणाले, “मी काय शिवी देतो? त्यात आपलेपणा असतो.”

“मग त्यांनी त्याच आपलेपणानं तुम्हाला हाक मारली तर चालेल?”

“स्टॉकमन, तुमची कॉलेजातली पत्रकं इथे वाटू नका.”

बाजारच्या दिवशी व्याही आले. बैलाला खोड्यात, म्हणजे जनावर जखडायच्या लाकडी चौकटीत, घेतलं. जुवानं घासून खांद्यावर मोठं गळू झालं होतं. चीर द्यावी लागणार होती. डॉक्टरांनी सुरी उचलली आणि ओरडले, “ए भिक्या, वेसण धर.”

भिकाजीराव बादली घेऊन जागीच उभे. मान खाली. मी मुद्दाम मोठ्यानं म्हणालो, “भिकाजीराव, जरा इकडे येता का?” डॉक्टरांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू सुरी माझ्यासाठीच उचलली असावी. मग ते व्याह्यांवर घसरले. “ए म्हाताऱ्या, तू बाजूला हो.”

व्याही बैलाच्या तोंडाशी होते. त्यांनी पटका सारखा केला.

“व्हतो, सायेब.” मग वळून म्हणाले, “भिकाजीराव, या. वेसण तुमी धरा. घरच्या मानसाच्या हातात बैल गप ऱ्हाईल.”

भिकाजीराव आले. त्यांनी वेसण धरली. चीर दिली, पू निघाला, ड्रेसिंग झालं. बैल सोडताना व्याही एवढंच बोलले, “पोरगी खुशीत हाय. काळजी नगा करू.”

मला वरिष्ठांशी उद्धटपणाबद्दल मेमो मिळाला. मिळू दे.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांनी नेहमीची हाक मारली. भिकाजीराव वळूला पाणी पाजत राहिले. पुन्हा हाक, तरी तेच. ‘हाय तसं चालू द्या’ ते विसरले होते. तेव्हापासून डॉक्टर टाळी वाजवून पाहतात. टाळीलाही कोणी येत नाही. मग खुर्ची सोडून, सगळं पटांगण ओलांडून त्यांना स्वतः गोठ्यापर्यंत जावं लागतं. त्यांची जीभ अजून ‘भिकाजीराव’ म्हणायला वळत नाही.

आमचं पटांगण बरंच लांबरुंद आहे. उन्हाळ्यात तापतंही फार. हाक नीट मारली, तर एवढी पायपीट वाचते.