पुढच्या लग्नाला जायचंय

आमचे आबा आमदार झाले ते भाषणांमुळे नव्हे, लग्नांमुळे. आमच्या शहापूर-मुरबाडकडं आमदारानं विधानसभेत काय केलं हे कुणी फारसं विचारत नाही. हळदीला आला नाही, हे मात्र पुढच्या निवडणुकीपर्यंत लक्षात ठेवतात. त्यामुळे वैशाखात आबा घरी फक्त कपडे बदलायला यायचे. गाडीच्या डिकीत शाली आणि नारळ भरलेले, आणि मांडवाबाहेर गाडीचं तोंड कायम रस्त्याकडे.

भाषण ठरलेलं होतं. स्टेजच्या पायऱ्या चढताना कार्यकर्ता कानात नावं सांगायचा, आबा ती मध्ये घालायचे. वधूच्या घराण्याशी त्यांचे जुने संबंध असायचेच, मग ते घराणं त्यांनी कधी पाहिलेलं नसेना का.

माझं लग्न ठरलं तेव्हा मी एकच अट घातली. त्या दिवशी दुसऱ्या कुठल्याच लग्नाला जायचं नाही, माझी पाठवणी होईपर्यंत मांडवात थांबायचं. आबांनी आईच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली. आईनं तो हात लगेच काढून टाकला. तिला आमदारांच्या शपथा चांगल्या माहीत होत्या.

लग्नात मुहूर्ताला थोडा वेळ होता, म्हणून माईकवाल्यानं सवयीनं पुकारलं, की आमदारसाहेबांनी वधूवरांना आशीर्वाद द्यावेत. आबा उठले. पोटच्या पोरीचं नाव बापाच्या कानात कोण सांगणार? कुणीच सांगितलं नाही, आणि तिथंच घोटाळा झाला.

"वधूच्या वडलांशी माझे फार जुने संबंध आहेत," आबा म्हणाले. "माझ्या प्रत्येक निवडणुकीत तो माणूस रात्रंदिवस राबलाय."

मांडव हसला. लोकांना वाटलं, साहेब गंमत करतायत. ही गंमत नाही हे मी ओळखलं, कारण त्यांची नजर गेटवर होती. माझ्या हातात नारळ, नवऱ्याच्या खांद्यावर शाल, एक फोटो, आणि किन्हवलीच्या लग्नाला जायचंय म्हणत आबा खाली उतरलेसुद्धा.

माझं डोकंच फिरलं. शालू वर धरून, मुंडावळ्या सावरत मी सगळ्या मांडवादेखत त्यांच्या मागं धावले आणि गाडीचं दार उघडून शेजारी जाऊन बसले. आबा मोबाइलमध्ये बघत होते. मान वर न करता म्हणाले, "बोल ताई, काय काम होतं?"

"आबा, माझं लगीन हाय," मी म्हटलं. "बाप पायजे. थोडा टाइम."

त्यांनी वर बघितलं. इतका ओशाळलेला चेहरा मी त्यांचा, ते निवडणुकीत पडले तेव्हाही पाहिला नव्हता. मला राग आला होता तो आलाच होता, पण त्यांची कीवही आली. गाडी बंद करायला सांगून ते माझ्याबरोबर परत आले.

कन्यादान झालं, पंगती उठल्या. पाठवणीला आबा नुसते गेटकडे बघत उभे होते. मला वाटलं, मनानं हे किन्हवलीला पोचले. सासरच्या वाटेवर मी तोंड फुगवूनच बसले होते.

उंबरठा ओलांडते न ओलांडते तोच आईचा फोन आला.

"तुजा बाप अजून मांडवातच बसलाय गो," ती म्हणाली. "मांडववाल्यांनी सगळ्या खुर्च्या नेल्या, याचीच रायलीय. उठा म्हणलं तर उठत नाय. तू पोचलीस का, तेच इचारतोय."