न दिसलेला ठिपका

एमएस्सीला असताना सरांनी शिकवलं, की डोळा मेंदूला सगळं कळवत नाही. निसर्गात एका ठिकाणचा रंग, उजेड बहुधा शेजारच्यासारखाच असतो. मग तेच ते कशाला सांगायचं? आभाळ, भिंत, शेत यांची खबर थोडक्यात जाते. जिथे उजेड बदलतो, कड येते, तिथली मात्र नीट जाते. आणि मध्येच कुठली खबर आलीच नाही, तर मेंदू आजूबाजूचं पाहून ती जागा भरून टाकतो. मला हे भारीच आवडलं.

त्या रविवारी बुवापाड्यातल्या घरी मी कागदावर फुली काढली, तिच्या डावीकडे चार बोटांवर ठिपका. उजवा डोळा झाकायचा, फुलीकडे बघत कागद जवळ आणायचा. प्रत्येक डोळ्यात एक आंधळी जागा असते, म्हणून एका ठिकाणी ठिपका गायब होतो, आणखी जवळ आणला की परत दिसतो. आईला तो परत दिसला. मग बाबांना बसवलं. ते अंबरनाथला कारखान्यात फिटर होते.

"गेला," बाबा म्हणाले.

"आता आला परत?"

"नाय."

"आता?"

"नाय गं. कोरा कागद दिसतोय."

"तुम्ही फुलीकडे नीट बघत नाही, बाबा."

"फुलीकडेच तर बघतोय!"

तीनदा केलं, तीनदा तेच. मला खटकलं होतं, हे आता नाकारण्यात अर्थ नाही. पण सोमवारी वर्गात मला याच विषयावर बोलायचं होतं. वहीत लिहिलं, 'बाबा: चुकीचं बघतात', आणि हसून कागद ठेवून दिला.

सात-आठ महिन्यांनी स्टेशनकडे जाताना डावीकडून आलेली सायकल बाबांवर आदळली. मनगट मोडलं. "अगं, रस्ता मोकळाच होता," ते पुन्हा पुन्हा सांगत होते. मला तो कोरा कागद आठवला. प्लास्टर निघायच्या आधीच मी त्यांना उल्हासनगरला, कॅम्प पाचमधल्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं.

काचबिंदू निघाला. डाव्या डोळ्याची बरीचशी नजर गेली होती, ती परत येणार नव्हती.

"आधी काहीच जाणवलं नाही?" डॉक्टरांनी विचारलं.

"नाय हो. मला तर सगळं दिसत होतं."

बाबा खरं तेच सांगत होते.

थेंब सुरू झाले, उरलेली नजर टिकली. शेजारचं कोणी चौकशीला आलं की बाबा अभिमानाने सांगायचे, "पोरगी शिकलेली ना. तिनेच ओळखलं, वेळेवर नेलं."

मी चहा ठेवायला आत जायचे. 'तसं नाही, बाबा,' असं एकदाही म्हणाले नाही.